डेटाबेस-समूहाचे वेब-आधारित व्यवस्थापन : मारियाडीबी गॅलेरा आणि पीएचपीमायॲडमिन

प्रस्तावना

महाविद्यालयातील प्रवेश, शुल्क, हजेरी, अंतर्गत गुण आणि शिष्यवृत्ती यांच्या नोंदी पूर्वी जाड बांधणीच्या रजिस्टरांत असत. रजिस्टर एकच असे, ते कपाटात असे आणि ते कोणाच्या हाती आहे हे विचारले की उत्तर मिळत असे. आज त्याच नोंदी डेटाबेसमध्ये असतात. ज्या सर्व्हरवर डेटाबेस आहे तो बंद पडला की प्रवेशाची खिडकीही बंद पडते. या अडचणीवर उपाय म्हणून एकाच डेटाबेसच्या एकाहून अधिक जिवंत प्रती वेगवेगळ्या सर्व्हरांवर चालविण्याची पद्धत रूढ झाली. तिला क्लस्टर किंवा डेटाबेस-समूह म्हणतात. समूहातील प्रत्येक सर्व्हरला नोड म्हणतात.

समूहाची देखरेख करण्यासाठी वेब-आधारित साधन बसविले की ब्राउझरमधून टेबले पाहता येतात, वापरकर्ते नेमता येतात, आणि समूहाची प्रकृती तपासता येते. आज्ञावली पाठ नसलेल्या अध्यापकालाही हे काम करता येते. तथापि असे साधन समूहाला एकच डेटाबेस असल्यासारखे दाखविते. ही त्याची सोय आहे आणि धोकाही त्यातच आहे. पडद्यावर दिसणारे पान तीनपैकी नेमक्या कोणत्या नोडचे आहे हे ज्याला ठाऊक नाही, त्याच्या हातून चुकीच्या ठिकाणी योग्य काम होऊ शकते.

प्रस्तुत लेखात मारियाडीबी गॅलेरा हा समूह आणि पीएचपीमायॲडमिन हे साधन, अशा विनामूल्य उपलब्ध असलेल्या मुक्त आज्ञाप्रणालींच्या आधारे ही मांडणी टप्प्याटप्प्याने स्पष्ट केली आहे. लेखातील आज्ञा व चलांची नावे उच्चारानुसार देवनागरीत दिली आहेत. संगणकावर ती रोमन लिपीत, शब्द अधोरेखेने जोडून टंकित करावी लागतात.

पार्श्वभूमी

मायएसक्यूएल हा डेटाबेस १९९५ मध्ये आला. सन मायक्रोसिस्टिम्सने २००८ मध्ये त्याची कंपनी विकत घेतली आणि २०१० मध्ये सनच ओरॅकलच्या ताब्यात गेली. मायएसक्यूएलच्या मूळ निर्मात्यांपैकी एक असलेले मायकेल विडेनियस यांनी २००९ मध्ये त्याच संहितेतून मारियाडीबी हा स्वतंत्र प्रकल्प सुरू केला. ‘माय’ आणि ‘मारिया’ ही दोन्ही नावे त्यांच्या मुलींची आहेत. गॅलेरा ही समूहाची यंत्रणा फिनलंडमधील कोडरशिप या कंपनीने विकसित केली. २०१५ मध्ये स्थिर झालेल्या मारियाडीबी १०.१ पासून ती मूळ संचातच समाविष्ट झाली.

पीएचपीमायॲडमिनची सुरुवात १९९८ मध्ये टोबियास रॅटशिलर यांनी केली. २००१ पासून इतर विकासकांनी तो प्रकल्प पुढे नेला. ओरॅकलच्या जगातही असेच घडले. रिअल ॲप्लिकेशन क्लस्टर्स ही त्यांची समूह-पद्धत २००१ मध्ये आली. पुढे १०जी आवृत्तीत डेटाबेस कंट्रोल हे ब्राउझरमधून चालणारे साधन मिळाले आणि २०१३ च्या १२सी आवृत्तीत ते काढून टाकण्यात आले. साधने येतात आणि जातात. म्हणून साधनाच्या बटनांपेक्षा त्यामागील समूहाचे वर्तन समजून घेणे अधिक उपयोगाचे ठरते.

समूह कसा चालतो

गॅलेरा समूहात प्रत्येक नोडवर संपूर्ण डेटाबेस असतो आणि कोणत्याही नोडवर नोंद करता येते. वापरकर्त्याने व्यवहार पक्का करताच त्यातील बदलांचा संच सर्व नोडांकडे पाठविला जातो. सर्व नोड हे संच एकाच क्रमाने तपासतात. दोन नोडांवर एकाच वेळी एकाच ओळीत बदल झाला असेल तर क्रमाने आधी आलेला बदल स्वीकारला जातो आणि दुसऱ्याला ‘डेडलॉक’ अशी त्रुटी मिळते. ती डेटाबेसची बिघाड-सूचना नसते. तो व्यवहार पुन्हा करावा एवढाच तिचा अर्थ असतो.

तपासणी सर्वत्र एकाच क्रमाने होते, परंतु बदल प्रत्यक्ष लिहिला जाण्यास दुसऱ्या नोडवर क्षणभर अधिक लागू शकतो. त्यामुळे एका नोडवर केलेली नोंद त्याच क्षणी दुसऱ्या नोडवर शोधली तर ती न दिसण्याची शक्यता असते.

दुसरा महत्त्वाचा नियम बहुमताचा आहे. नोडांमधील संपर्क अचानक तुटला तर ज्या गटात निम्म्याहून अधिक नोड आहेत तोच गट काम चालू ठेवतो. त्याला प्रायमरी म्हणतात. अल्पमतातील नोड स्वतःहून थांबतो आणि बहुतेक प्रश्न १०४७ क्रमांकाच्या त्रुटीसह नाकारतो. तीन नोडांपैकी एक तुटला तर उरलेले दोन चालू राहतात. मात्र समूह दोनच नोडांचा असेल आणि मधली तार तुटली, तर कोणाकडेही निम्म्याहून अधिक मते नसल्याने दोन्ही थांबतात. म्हणून समूह किमान तीन नोडांचा असावा. तिसरा सर्व्हर परवडत नसेल तर गॅलेरा आर्बिट्रेटर हा केवळ मत देणारा, डेटा न साठविणारा साथीदार एखाद्या साध्या संगणकावर चालविता येतो.

येथे एक भेद लक्षात ठेवावा. नोड रीतसर बंद केला तर तो निरोप घेऊन जातो आणि समूहाची एकूण संख्याच कमी होते. तीनातून दोन आणि दोनातून एक असे नोड रीतसर बंद केले तरी शेवटचा नोड प्रायमरी राहतो. याउलट दोन नोड वीज जाऊन एकाच वेळी कोसळले तर तिसरा स्वतःला अल्पमतात समजून थांबतो.

पहिला टप्पा : नोड आणि जाळे

उदाहरणासाठी तीन नोड घेऊ. त्यांचे अंतर्गत पत्ते १९२.१६८.१०.११, १२ आणि १३ असे असून चौथ्या, १० क्रमांकाच्या संगणकावर वेब सर्व्हर आहे. वेब साधन नोडांपैकी एकावरच बसविणे शक्य असते, परंतु तो नोड गेला की समूहाकडे पाहण्याची खिडकीही जाते. म्हणून ते वेगळ्या संगणकावर असणे इष्ट.

समूहाला चार पोर्ट लागतात. ३३०६ हे डेटाबेसच्या ग्राहकांसाठी असते. ४५६७ वर नोडांचा आपसातील संवाद चालतो. थोड्या वेळासाठी बाहेर राहिलेल्या नोडला राहिलेले बदल ४५६८ वरून मिळतात, आणि नव्याने येणाऱ्या नोडला संपूर्ण प्रत ४४४४ वरून मिळते. फायरवॉलमध्ये शेवटची तीन पोर्ट फक्त तीन नोडांना परस्परांसाठी खुली ठेवावीत. ३३०६ हे वेब सर्व्हरला आणि महाविद्यालयाचे प्रवेश-सॉफ्टवेअर ज्या संगणकावर चालते त्यालाच खुले असावे. यापैकी कोणतेही पोर्ट इंटरनेटवरून दिसता कामा नये. तिन्ही नोडांची घड्याळे एकमेकांशी जुळवून ठेवावीत. अन्यथा नोंदवह्यांतील वेळा जुळत नाहीत आणि बिघाडाचा माग काढता येत नाही.

दुसरा टप्पा : समूहाची उभारणी

प्रत्येक नोडवर मारियाडीबी आणि गॅलेरा बसविल्यानंतर मांडणीच्या फाइलमध्ये पुढील गोष्टी नमूद कराव्या लागतात : बदलांची नोंद ओळीनुसार व्हावी, टेबलांचे इंजिन इनोडीबी असावे, स्वयंवाढ कुलुपाची पद्धत २ असावी, समूहाचे नाव, तिन्ही नोडांचे पत्ते, आणि त्या नोडचे स्वतःचे नाव व पत्ता. समूहाचे नाव तिन्ही ठिकाणी अक्षरशः एकच असले पाहिजे. नोडचे नाव मात्र प्रत्येकाचे वेगळे असते. काही लिनक्स संचांत डेटाबेस सुरुवातीस केवळ स्वतःच्याच संगणकावरून येणारी विनंती ऐकतो. ते बंधन बदलले नाही तर वेब सर्व्हर कधीच जोडला जात नाही.

नव्या नोडला संपूर्ण प्रत देण्याची पद्धतही येथेच ठरते. आरसिंक ही पद्धत सोपी आहे, पण प्रत देणारा नोड त्या काळात लेखनासाठी थांबतो. मारियाबॅकअप या पद्धतीत देणारा नोड बहुतांशी काम करीत राहतो. मात्र तिच्यासाठी वेगळा वापरकर्ता नेमावा लागतो.

पहिला नोड ‘गॅलेरा न्यू क्लस्टर’ या आज्ञेने सुरू करावा. ही आज्ञा ‘नवा समूह स्थापन कर’ असे सांगते. उरलेले दोन नोड नेहमीच्या पद्धतीने सुरू करावेत. ते पहिल्याला शोधून त्याच्याकडून प्रत घेतात. स्थापनेची आज्ञा एकदाच आणि एकाच नोडवर द्यायची असते. ती दुसऱ्या नोडवर पुन्हा दिली तर त्याच नावाचा दुसरा, स्वतंत्र समूह जन्मास येतो. दोन्हीकडे प्रवेश होत राहतात, दोन्हीकडे पावत्या फाटतात आणि दोन वेगळ्या रजिस्टरांचा मेळ पुढे हातानेच घालावा लागतो.

तिसरा टप्पा : वेब साधनाची मांडणी

वेब सर्व्हरवर अपाचे आणि पीएचपी बसवावे. पीएचपीमायॲडमिनच्या ५.२ मालिकेला पीएचपी ७.२.५ किंवा त्यापुढील आवृत्ती लागते. साधन अधिकृत ठिकाणाहून घेऊन त्यातील नमुना मांडणी-फाइलची प्रत करावी आणि तीत पुढील बदल करावेत.

पहिला बदल म्हणजे गुप्त किल्ली. कुकीतील पासवर्ड सांकेतिक रूपात ठेवण्यासाठी ३२ बाइट लांबीची यादृच्छिक किल्ली लागते. नमुन्यातील जागा रिकामी सोडू नये किंवा संस्थेचे नाव लिहून भरू नये.

दुसरा बदल म्हणजे सर्व्हरांची यादी. सर्वसाधारण कल असा असतो की समूहासमोर एचएप्रॉक्सीसारखा भार-वाटप करणारा मध्यस्थ ठेवावा आणि वेब साधनाला त्याचा एकच पत्ता द्यावा. प्रवेश-सॉफ्टवेअरसाठी ते योग्य आहे. व्यवस्थापनाच्या साधनासाठी मात्र ते घातक ठरू शकते. पीएचपीमायॲडमिन प्रत्येक पानासाठी डेटाबेसशी नवी जोडणी करते. मध्यस्थ आळीपाळीने नोड देत असेल तर पहिले पान एका नोडचे आणि पुढचे पान दुसऱ्या नोडचे असू शकते.

याचा परिणाम एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. एक प्रश्न अडकून पडला आहे आणि प्रक्रियांच्या यादीत त्याचा क्रमांक ५७ दिसतो. व्यवस्थापक तो थांबविण्याचे बटन दाबतो. जोडणीचे क्रमांक प्रत्येक नोडचे स्वतंत्र असतात आणि प्रक्रिया थांबविण्याची आज्ञा त्या नोडपुरतीच चालते. यादी पहिल्या नोडची आणि आज्ञा दुसऱ्या नोडवर गेली, तर तेथील ५७ क्रमांकाचे काम, कदाचित एखाद्या विद्यार्थ्याचा भरला जात असलेला अर्ज, मध्येच तुटते. अडकलेला प्रश्न मात्र जागेवरच राहतो.

म्हणून मांडणी-फाइलमध्ये तिन्ही नोड स्वतंत्र सर्व्हर म्हणून नोंदवावेत आणि प्रत्येकास ओळखीचे दर्शनी नाव द्यावे : ‘नोड १ – कार्यालय’, ‘नोड २ – ग्रंथालय’, ‘नोड ३ – प्रयोगशाळा’. प्रवेशाच्या पानावर ही नावे यादीत दिसतात आणि काम करताना सर्व्हरचे नाव पानाच्या माथ्यावर राहते. कोणत्या नोडवर आहोत या प्रश्नाचे उत्तर त्यामुळे नेहमी डोळ्यांसमोर असते.

तिसरा बदल म्हणजे साधनाचा स्वतःचा साठा. पीएचपीमायॲडमिनसोबत मिळणाऱ्या फाइलमधून त्याची काही टेबले तयार करता येतात. ती एका नोडवर केली की समूहभर जातात. त्यामुळे वारंवार लागणारे प्रश्न ‘बुकमार्क’ म्हणून जपून ठेवता येतात. समूहाची स्थिती विचारणारा प्रश्न हा पहिला बुकमार्क असावा.

चौथा टप्पा : कोण, कोठून, किती

‘पीएचपीमायॲडमिन’ हे नाव पत्त्यात असलेली पाने शोधत फिरणाऱ्या स्वयंचलित यंत्रणा इंटरनेटवर अव्याहत चालू असतात. व्यवस्थापनाचे पान हे रोकड-पेटीच्या किल्लीसारखे असल्याने पुढील दक्षता आवश्यक आहेत.

एक, हे पान फक्त संस्थेच्या अंतर्गत जाळ्यातून उघडावे. अपाचेच्या मांडणीत ठराविक पत्त्यांनाच परवानगी द्यावी. घरून काम करण्याची गरज असेल तर व्हीपीएन वापरावे.

दोन, एचटीटीपीएस सक्तीचे करावे. ते ब्राउझर आणि वेब सर्व्हर यांच्यातील टप्पाच सुरक्षित करते. वेब सर्व्हर ते नोड आणि नोड ते नोड हे टप्पे वेगळे असतात. म्हणून नोडांचे जाळे विद्यार्थ्यांच्या वायफायपासून वेगळे ठेवावे.

तीन, मुख्य वापरकर्ता असलेल्या ‘रूट’ला वेब साधनातून प्रवेश बंद करावा. त्यासाठी मांडणीत स्वतंत्र पर्याय आहे.

चार, प्रत्येक व्यक्तीस स्वतःचे खाते द्यावे आणि ते खाते वेब सर्व्हरच्या पत्त्याशी बांधावे. लिपिकास केवळ वाचन, परीक्षा-विभागास गुणांच्या टेबलात बदल, आणि एक-दोन जबाबदार व्यक्तींनाच रचना बदलण्याचा अधिकार असावा. सर्वांसाठी एकच खाते ठेवले तर गुण कोणी बदलले या प्रश्नाला उत्तर राहत नाही.

पाच, २०१८ च्या ४.८ आवृत्तीपासून उपलब्ध असलेली द्विस्तरीय पडताळणी सुरू करावी, आणि मांडणी पूर्ण झाल्यावर ‘सेटअप’ हा फोल्डर काढून टाकावा.

खाती नेमताना वापरकर्त्यांसाठी असलेल्या रीतसर आज्ञाच वापराव्यात. साधनातील ‘वापरकर्ता खाती’ या पानावरून तेच होते. त्या आज्ञा सर्व नोडांवर पोहोचतात. अंतर्गत प्रणाली-टेबलांत थेट नोंद केली तर ती एकाच नोडवर राहते, आणि मग एखाद्या कर्मचाऱ्याचा पासवर्ड सोमवारी चालतो व मंगळवारी चालत नाही असा गूढ प्रकार घडतो.

पाचवा टप्पा : समूहाची नाडी

साधनातील स्थिती-चलांच्या पानावर ‘डब्ल्यूएसरेप’ या उपसर्गाने गाळणी लावली की समूहाची चले दिसतात. त्यांपैकी चार रोज पाहावीत. क्लस्टर साइझ ३ असावा. क्लस्टर स्टेटस प्रायमरी असावा. लोकल स्टेट कॉमेंट सिंक्ड असावा. रेडी हे चल ऑन असावे. ही तपासणी तिन्ही नोडांवर स्वतंत्रपणे करावी लागते; कारण तुटलेला नोड स्वतःपुरते वेगळेच चित्र सांगतो. पहिला नोड आकार २ आणि प्रायमरी म्हणत असेल, तिसरा नोड आकार १ आणि नॉन-प्रायमरी म्हणत असेल, तर तिसऱ्याची तार तपासावी.

पाचवे चल म्हणजे फ्लो कंट्रोल पॉज्ड. एखादा नोड मागे पडू लागला की तो इतरांना थांबण्याची विनंती करतो. या चलाचे मूल्य शून्य ते एक या दरम्यान असते. शून्याच्या जवळ असणे चांगले. ते वाढत असेल तर सर्वांत मंद नोड संपूर्ण समूहाला मागे ओढत आहे असे समजावे.

प्रत्यक्ष वापरापूर्वी तीन चाचण्या घ्याव्यात. पहिल्या चाचणीत एक नोड रीतसर बंद करावा, आकार २ झाल्याचे पाहावे, एक नोंद करावी, नोड पुन्हा सुरू करावा आणि ती नोंद त्याच्यावर आल्याची खात्री करावी. थोडा काळच बाहेर राहिलेल्या नोडला केवळ राहिलेले बदल मिळतात. ते ज्या साठ्यातून मिळतात त्याचा मूळ आकार १२८ मेगाबाइट असतो. बदल त्याहून अधिक झाले तर संपूर्ण प्रत घ्यावी लागते. दुसऱ्या चाचणीत एका नोडची जाळ्याची तार काढावी आणि तो नोड प्रश्न नाकारतो हे पाहावे. तिसऱ्या चाचणीत तिन्ही नोड एकदम बंद करून पाहावेत.

तिसरी चाचणी सर्वांत बोधप्रद असते, कारण तेव्हा वेब साधन काहीच करू शकत नाही. डेटाबेस चालू नसेल तर साधनाला जोडण्यासाठी काही उरत नाही. अशा वेळी प्रत्येक नोडवर थेट लॉगिन करून कोणाकडे सर्वांत अलीकडचा व्यवहार आहे हे शोधावे लागते. गॅलेराच्या स्थिती-फाइलमध्ये ‘सेफ टू बूटस्ट्रॅप’ अशी नोंद असते. समूह रीतसर बंद केला असेल तर शेवटी बंद झालेल्या नोडवर ती १ असते. वीज गेल्याने सर्व एकदम कोसळले असतील तर ती सर्वत्र ० असते आणि व्यवहाराचा क्रमांकही उणे १ दिसतो. तेव्हा ‘रिकव्हर’ पर्यायाने प्रत्येक नोडचा शेवटचा खरा क्रमांक काढावा आणि सर्वांत मोठा क्रमांक असलेल्या नोडवरूनच समूह पुन्हा स्थापन करावा. घाईत मागे पडलेला नोड आधी सुरू केला तर इतर नोड त्याचीच प्रत घेतात आणि शेवटच्या काही नोंदी कायमच्या जातात. ज्यांचे शुल्क त्या काही मिनिटांत भरले गेले, त्या विद्यार्थ्यांचा भरणा नोंदीत राहत नाही. म्हणून ही कृती कागदावर लिहून सर्व्हरच्या खोलीत लावून ठेवावी.

समूहावर वेब साधन वापरताना

साध्या डेटाबेसवर निरुपद्रवी असणाऱ्या काही कृती समूहावर वेगळे रूप घेतात.

टेबलात स्तंभ वाढविणे हे ब्राउझरमध्ये दोन क्लिकचे काम आहे. समूहात मात्र रचनेचा बदल सर्व नोडांवर एकाच क्रमाने केला जातो आणि तो पूर्ण होईपर्यंत संपूर्ण समूहाचे लेखन थांबू शकते. मोठ्या टेबलावर हे काम परीक्षा-अर्जांच्या अखेरच्या दिवशी दुपारी केले तर तिन्ही सर्व्हर सुस्थितीत असूनही रांग खोळंबते. असे बदल रात्री करावेत.

स्वयंवाढीचे क्रमांक समूहात सलग येत नाहीत. तीन नोडांत ते तीनच्या टप्प्याने, म्हणजे १, ४, ७ असे वाढू शकतात. पावती-क्रमांक किंवा सामान्य नोंदवहीतील क्रमांक यासाठी त्यांच्यावर विसंबले तर लेखापरीक्षणात गहाळ पावत्यांचा प्रश्न उभा राहतो. सलग क्रमांक हवा असेल तर तो सॉफ्टवेअरने स्वतंत्रपणे द्यावा.

प्रत्येक टेबलास प्राथमिक किल्ली असावी आणि इंजिन इनोडीबीच असावे. जुन्या मायआयसॅम टेबलांतील बदल समूहात भरवशाने जात नाहीत. साधनाच्या यादीत इंजिनाचा स्तंभ दिसतो, त्यावरून अशी टेबले शोधता येतात.

सीमाभागातील आणि बहुभाषिक शहरांतील महाविद्यालयांत एकाच टेबलात मराठी, उर्दू, कन्नड आणि इंग्रजी नावे येतात. त्यासाठी डेटाबेस, टेबल आणि जोडणी या तिन्हींची वर्णसंहिता यूटीएफ८एमबी४ ठेवावी. या संहितेत देवनागरीचे एक चिन्ह ३ बाइट आणि उर्दूचे बहुतेक अक्षर २ बाइट घेते. जुनी फाइल चुकीच्या संहितेने आयात केली तर नावांच्या जागी प्रश्नचिन्हे येतात. समूहात ती चूक क्षणात तिन्ही प्रतींत पोहोचते आणि मूळ नाव त्यातून परत मिळत नाही. आयात करताना पडद्यावरील संहितेचा पर्याय आधी तपासावा आणि दहा ओळींची फाइल घेऊन पाहावी. पीएचपीमध्ये अपलोडची मूळ मर्यादा २ मेगाबाइट असते. मोठी आयात आज्ञावलीतून व तुकड्यांनी करावी.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे समूह हा बॅकअप नव्हे. सर्व्हर बिघडला तर समूह वाचवितो. माणूस चुकला तर समूह ती चूक तीन ठिकाणी इमानाने उतरवितो. चुकून पुसलेले टेबल तिन्ही नोडांवरून जाते. म्हणून रोजचा बॅकअप समूहाबाहेरील जागी ठेवावा, आणि महिन्यातून एकदा तो वेगळ्या संगणकावर प्रत्यक्ष उतरवून पाहावा. न तपासलेल्या बॅकअपवर विसंबता येत नाही.

अध्यापनातील उपयोग

ही संपूर्ण मांडणी एका बऱ्या संगणकावर आभासी यंत्रे करून उभी करता येते, त्यामुळे ती पदवी स्तरावरील प्रयोगशाळेसाठी उत्तम अभ्यास ठरते. विद्यार्थ्यांचे तीन गट करून प्रत्येकाकडे एक नोड द्यावा. एका गटाने आपला नोड न सांगता तोडावा. इतरांनी केवळ वेब पानावरील चलांवरून काय घडले ते ओळखावे. बहुमत, व्यवहार आणि सुसंगती या संकल्पना पुस्तकात काही परिच्छेदांत संपतात. येथे त्या डोळ्यांसमोर घडतात. या प्रयोगासाठी खऱ्या विद्यार्थ्यांच्या नोंदी मात्र कधीही वापरू नयेत.

समारोप

वेब-आधारित साधनाने डेटाबेस-समूहाचे व्यवस्थापन सुलभ होते, परंतु समूह त्यामुळे सोपा होत नाही. नोड स्वतंत्रपणे नोंदविणे, खाती व पत्ते मर्यादित ठेवणे, चार चले तिन्ही ठिकाणी रोज पाहणे, रचनेचे बदल योग्य वेळी करणे आणि बॅकअप बाहेर ठेवणे, या पाच गोष्टी पाळल्या तर लहान महाविद्यालयासही हे साधन निर्धास्तपणे वापरता येईल. टेबलातील प्रत्येक ओळीमागे एक विद्यार्थी असतो. त्याची नोंद तिन्ही प्रतींत बरोबर राहावी, ही जबाबदारी साधनावर टाकता येत नाही. ती साधन चालविणाऱ्याचीच राहते.